रॉकचा खरा टोन कोणत्या काळातला? आधी आवाज कुठं फाटतो ते बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा. बँडमध्ये दोन गिटार. तुला सत्तरच्या दशकातला मार्शल अँपचा आवाज हवा, दुसऱ्याला नव्वदीतलं मेटल. कीबोर्डवाल्याचे काका म्हणतात, बीटल्सनंतर सगळा गोंगाटच. तुझ्याकडं वीस वॉटचा ट्रान्झिस्टर अँप आहे. घरी तो नाद खुळा वाजतो, पण कोल्हापुरात राजारामपुरीत प्रॅक्टिसला ड्रम सुरू झाले की गिटार गायब. तीसएक हजार जमवलेत. तर खरा टोन कोणत्या काळातला, आणि घ्यायचा कोणता अँप?

माझी आवड आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना मी कुठं झुकतोय ते तुला कळेल. मला 1966 ते साधारण 1975 मधला इंग्लिश आवाज आवडतो. गेन, म्हणजे आवाज किती फाटायचा ते ठरवणारा नॉब, कमी; व्हॉल्यूम जास्त. ऐंशीच्या दशकात रॅकमधून, म्हणजे इफेक्टच्या यंत्रांनी भरलेल्या कपाटातून, यायचा तो कोरस-रिव्हर्बमध्ये भिजलेला आवाज मला आजही सोसत नाही. ही झाली आवड, तिच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण इतकी वर्षं अँप उघडून दुरुस्त करताना आणि वाजवताना एक गोष्ट पक्की झाली आहे: टोनची आवड म्हणजे आवाज नेमका कुठल्या ठिकाणी फाटलेला आपल्याला आवडतो, त्याची आवड. दशकं त्यामागून येतात.

सिग्नलची वाट बघ. पिकअपमधून, म्हणजे गिटारच्या तारांखालच्या चुंबकातून, निघाला की तो आधी प्रीअँपमध्ये, सिग्नल वाढवणाऱ्या पहिल्या भागात, जातो, मग बेस-मिड-ट्रेबलच्या नॉबमधून, मग स्पीकर हलवायची ताकद देणाऱ्या काचेच्या नळ्या म्हणजे पॉवर व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्स्फॉर्मर आणि शेवटी स्पीकर. यातल्या कुठल्याही टप्प्याला झेपेल त्यापेक्षा मोठा सिग्नल आला, की लाटेचा माथा चपटा होतो आणि मूळ सुरात नव्हते ते वरचे सूर तयार होतात. मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा कारागीर घोडीला, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीला, केसभर उतार देऊन एका तारेतून वरचे सूर जागे करतो. कुणाला जवारी खुली लागते, कुणाला बंद. गेनचा नॉब हेच काम करतो. फक्त इथं ‘घोड्या’ चार-पाच आहेत, आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा.

पन्नासच्या दशकात कुणी मुद्दाम आवाज फाडायला अँप बनवत नव्हतं. फेंडरचा ट्वीड डिलक्स घे: दोन 6व्ही6 व्हॉल्व्ह, पंधराच्या आतबाहेर वॉट. व्हॉल्यूम अर्ध्यापर्यंत गेला की अख्खा अँप एकदम फाटायला लागतो, कारण त्याला अडवणारा निगेटिव्ह फीडबॅकच, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा आत पाठवून त्याला आवरायची सोय, त्यात नाही. वर एसीची डीसी करणारा रेक्टिफायरही व्हॉल्व्हचा. जोरात कॉर्ड मारला की पुरवठा क्षणभर बसतो आणि परत उठतो, त्यामुळं आवाज श्वास घेतल्यासारखा वाटतो. कॅनडाचा गायक-गिटारवादक नील यंग आजही त्याच जातीच्या 1959 च्या अँपवर वाजवतो. ज्यांच्याकडं असा अँप नव्हता त्यांनी स्पीकर फाडले. 1964 मध्ये किंक्स या इंग्लिश बँडच्या डेव्ह डेव्हिसनं एका छोट्या अँपच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं चिरला, आणि त्या आवाजानं गाणं गाजलं. तू हे करू नकोस. आज स्पीकर महाग आहे आणि पेडल स्वस्त.

आता माझ्या आवडीच्या भागावर येतो, इथं जरा थांबणार आहे. जिम मार्शलचं लंडनच्या हॅनवेलमध्ये वाद्यांचं दुकान होतं. तो मूळचा ड्रमर. अमेरिकेहून येणारे फेंडर महाग पडायचे, म्हणून त्यानं केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हनला बरोबर घेऊन 1962 मध्ये फेंडरच्या बेसमन अँपचं सर्किट जवळजवळ तसंच उतरवलं. तोच जेटीएम45. पण बदललेल्या दोन-तीन वस्तूंनी सगळं बदललं. पहिल्या टप्प्यावर फेंडरनं कमी गेनचा 12एवाय7 व्हॉल्व्ह लावला होता, मार्शलमध्ये तिथं ईसीसी83 आला, त्याचा गेन दुपटीहून जास्त. बेसमनमध्ये मागून उघड्या पेटीत चार दहा इंची जेन्सन स्पीकर होते, मार्शलनं बंद पेटीत चार बारा इंची सेलेस्टियन बसवले. उघडी पेटी आवाज खोलीभर पसरवते, बंद पेटी तो समोर ढकलते आणि खालचे सूर आवळून धरते. नक्कल करायला गेले आणि वेगळंच वाद्य झालं.

1966 मध्ये एरिक क्लॅप्टननं जॉन मेयॉलच्या बँडबरोबर रेकॉर्डिंग केलं तेव्हा हेच सर्किट कॉम्बोमध्ये, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच पेटीत, होतं, हातात गिब्सन लेस पॉल. स्टुडिओतही स्टेजइतक्याच मोठ्यानं वाजवणार, हा त्याचा हट्ट होता. तो हट्ट नसता तर पॉवर व्हॉल्व्ह फाटले नसते आणि तो आवाज आलाच नसता. या काळाच्या टोनची खरी किंमत इथं मोजावी लागते. पॉवर व्हॉल्व्ह फाटायचे तर अँप खरोखर मोठा वाजवायला हवा.

मग शंभर वॉट आले. त्या वेळी गिटारला माइक लावून मोठ्या सिस्टिममधून सोडायची पद्धत रुळली नव्हती. अँपनंच हॉल भरायचा, म्हणून द हू या बँडच्या पीट टाउनशेंडनं मार्शलकडं मोठं यंत्र मागितलं. इथं एक हिशोब डोक्यात ठेव, अँप घेताना कामाला येईल. पन्नास वॉटवरून शंभरवर गेलास तर फरक फक्त 3 डेसिबलचा, कानाला ‘थोडा मोठा’ एवढाच. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. त्यामुळं शंभर वॉटचा मोठा फायदा असा की आवाज उशिरा फाटतो आणि फाटला तरी खालचा भाग ढिला पडत नाही. जिमी हेंड्रिक्सचा आवाज असाच उभा राहिला: शंभर वॉटचे मार्शल, पुढं आवाज खरखरीत फाडणारं फझ पेडल, आणि सगळा ताबा गिटारवरच्या व्हॉल्यूम नॉबवर.

याच सुमारास बाकीचे वेगळ्या वाटांनी चालले होते. व्हॉक्स एसी30 या अँपमध्ये चार ईएल84 व्हॉल्व्ह आहेत. व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आपल्या जुन्या लोकांना हा व्हॉल्व्ह चांगला माहीत असायचा, कारण बऱ्याच रेडिओंत तोच होता. एसी30 मध्येही निगेटिव्ह फीडबॅक नाही, म्हणून तो स्वच्छमधून फाटक्यात कधी गेला हे कळत नाही. क्वीन बँडच्या ब्रायन मेनं वडिलांबरोबर घरी बनवलेली गिटार, ट्रेबल बूस्टर (वरचे सूर वाढवून अँपला ढकलणारी डबी) आणि व्हॉल्यूम पूर्ण उघडलेला एसी30 एवढ्यावर सगळं उभं केलं. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी लेनी अँपपुढं ट्रेबल बूस्टर लावायचा. ज्याला आज हेवी म्हणतात त्याची सुरुवात तिथली, आणि गेन ऐकशील तर आजच्या मानानं बेताचाच. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरचं उलटं. त्याचा हायवॉट अँप कोरा करकरीत स्वच्छ, फाटतं ते पेडलमध्ये. लेड झेपलिनचा 1969 चा पहिला अल्बम डोंगराएवढ्या मार्शलवर वाजवला असेल असं वाटतं, पण त्यांच्या जिमी पेजच्या हातात फेंडरची टेलिकास्टर गिटार होती आणि समोर सुप्रो कंपनीचा छोटा अँप. माइक नीट ठेवला तर छोटा अँप मोठा ऐकू येतो. रेकॉर्डिंग करणार असशील तर हे विसरू नकोस.

आणि एसी/डीसीचा माल्कम यंग. रिदम गिटार शिकायची तर याला ऐक. मार्शल मोठा, गेन इतका कमी की नवीन मुलाच्या हातात दिला तर तो म्हणेल अँप खराब आहे. सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात. जड वाटतो तो त्याच्या उजव्या हातामुळं.

सत्तरच्या दशकात फाटण्याची जागा सरकली, आणि तुझ्या दोस्ताच्या आवडीचं मूळ तिथं आहे. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथनं छोट्या फेंडरमध्ये गेनचे टप्पे एकापुढं एक जोडले, त्यातून मेसा बूगी उभी राहिली. मार्शलनं 1975 मध्ये मास्टर व्हॉल्यूम दिला. आता प्रीअँपमध्ये हवा तेवढा फाड आणि मास्टरनं आवाज कमी कर. शेजाऱ्यांना आराम, गिटारवाल्यालाही आराम. पण प्रीअँपमध्ये फाटलेला आवाज जास्त आवळलेला, जास्त किरकिरा. पॉवर व्हॉल्व्ह आणि स्पीकर निवांत बसलेले असल्यामुळं बोटाच्या जोराला मिळणारं उत्तर कमी होतं. हळू वाजव की जोरात, निघतं जवळपास सारखंच. काहींना तेच हवं असतं. वेगानं वाजवायचं तर सगळे सूर एका पातळीवर येणं सोयीचं.

अमेरिकन गिटारवादक एडी व्हॅन हेलन या दोन वाटांच्या मध्येच उभा आहे. 1978 च्या पहिल्या अल्बमवर त्याचा साठच्या दशकातला मार्शल होता, सगळे नॉब पूर्ण उघडलेले. व्हेरियॅकनं, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्स्फॉर्मरनं, तो पुरवठा 120 वरून सुमारे 90 व्होल्टपर्यंत खाली आणायचा, म्हणजे अँप उघडा राहूनही आवाज आटोक्यात. पंख्याच्या रेग्युलेटरवर अँप लावून हा प्रयोग करतो म्हणणारी पोरं माझ्याकडं येतात. करू नका. रेग्युलेटर लाटेचे तुकडे करतो, व्होल्टेज स्वच्छ उतरवत नाही. ट्रान्स्फॉर्मर गरम होईल आणि आवाजही येणार नाही.

ऐंशीच्या रॅकबद्दल मी काही लिहीत नाही, वर सांगितलंय. त्या काळातल्या एका यंत्राला मात्र मान द्यावाच लागतो: रोलँडचा जेसी-120, बाजारात आला 1975 मध्येच. पूर्ण ट्रान्झिस्टर, दोन स्पीकर, प्रत्येकाला साठ वॉट. कोरस लावला की एका स्पीकरमधून कोरा आवाज येतो, दुसऱ्यातून हलवलेला, आणि मिसळ हवेत होते. मेटलिकाच्या जेम्स हेटफील्डचा स्वच्छ आवाज याच अँपचा. तुमच्या काकांना एकदा यावर वाजवून दाखव.

आता मेटल. 1986 मधला मेटलिकाचा आवाज मेसाच्या मार्क टू सी प्लस या अँपचा. त्यावर पाच पट्ट्यांचा इक्वलायझर, आणि पट्ट्यांची रचना इंग्रजी व्हीसारखी, मधली खाली. तिथून मिड कापायची फॅशन पसरली. 1992 मध्ये पीव्ही कंपनीचा 5150 अँप आला, त्याच सुमारास मेसाचा ड्युअल रेक्टिफायर, आणि नव्वदीचा आवाज ठरून गेला. वाईट म्हणणार नाही. हंबकर (दुहेरी गुंडाळीचा जाड आवाजाचा पिकअप) असलेली गिटार, तळहातानं दाबलेल्या जाड तारा आणि 5150 यांचा घण बसतो तसा दुसऱ्या कशाचा बसत नाही. पण मेटलच्या रेकॉर्डवर ऐकू येतो तो एका गिटारचा आवाज नसतो. एकच रिफ, म्हणजे परत परत येणारा सुरांचा तुकडा, दोनदा, कधी चारदा वेगवेगळा वाजवून डाव्या-उजव्या बाजूला मांडलेला असतो, आणि खाली बेस गिटार चिकटलेली असते. प्रत्येक गिटारवर गेन आपण समजतो त्यापेक्षा कमी असतो. चार थर मिळून तो जाड होतो. घरी एका अँपवर तो जाडपणा आणायला पोरं गेन दहावर नेतात आणि नुसता खळखळाट उरतो.

तुझी गिटार गायब होते ती इथंच. 1933 मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की आवाज लहान असताना कानाला बेस कमी ऐकू येतो. वरच्या टोकाचंही तसंच. म्हणून घरी हळू वाजवताना तू बेस वाढवतोस, ट्रेबल वाढवतोस, मिड खाली ओढतोस, आणि ते मस्त वाटतं. प्रॅक्टिसला आवाज मोठा झाला की कान सरळ होतो, मग तुझा बेस जाऊन बेस गिटार आणि किकड्रममध्ये बुडतो, ट्रेबल झांजांमध्ये विरतो. गिटारची हक्काची जागा साधारण 400 ते 2000 हर्ट्झ, आणि नेमकी तीच तू रिकामी केली आहेस. त्यात पत्र्याची शेड असली तर वरचा आवाज पत्र्यावर आपटून झांजांचा चिवडा करतो. घरचं सेटिंग घरी ठेव. प्रॅक्टिससाठी नवं सेटिंग तिथंच, ड्रम वाजत असतानाच लावायचं.

आपल्या भागाची आणखी एक अडचण. ऑर्केस्ट्रात आणि कॉलेजच्या गॅदरिंगला गिटार सरळ मिक्सरमध्ये खुपसायची सवय अजून आहे. स्वच्छ आवाजाला चालतं. डिस्टॉर्शन पेडल लावलं की कान किटतात, कारण गिटारचा बारा इंची स्पीकर 5000 हर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं गाळतो, आणि मंडपातला हॉर्न ते सगळं आनंदानं वाजवतो. फाटलेल्या गिटारला स्पीकर ही चाळणी लागतेच. ती समोर पेटीच्या रूपात असो की डिजिटल कॅबिनेट सिम्युलेशनच्या रूपात. लाइन 6 कंपनीचा पॉड 1998 मध्ये आला आणि ही चाळणी छोट्या डबीत मावायला लागली. 2011 च्या केम्पर या डिजिटल अँपनं प्रत्यक्ष अँपचा ठसा उतरवायची सोय केली. व्हॉल्व्हवाले यावर नाकं मुरडतात. मी नाही मुरडत. डोळे मिटून ऐकलं तर मोठमोठे लोक फसतात. पायाखालची फरशी हादरणं तेवढं डिजिटलमध्ये येत नाही, आणि ते हवं असेल तर मोठा स्पीकर मोठ्यानं वाजवावाच लागतो.

मग घ्यायचं काय. तुझ्या पैशात बारा इंची स्पीकरचा, पन्नास वॉटच्या आसपासचा मॉडेलिंग कॉम्बो, म्हणजे वेगवेगळ्या अँपची डिजिटल नक्कल करणारा, घे. बॉसचा कटाना 50 त्यातला एक. त्याला अर्ध्या वॉटवर आणणारा स्विच आहे, म्हणजे घरीही चालतो. शंभर वॉटच्या मागं लागू नको, वरचा हिशोब आठव. वापरलेला ईएल84 चा पंधरा-वीस वॉटचा व्हॉल्व्ह कॉम्बो चांगल्या हालतीत मिळाला तर तुझ्या आवडीला तोच जास्त जवळ, पण घेण्याआधी मागची पाटी वाच. 120 व्होल्टचा अमेरिकन असेल तर स्टेपडाउन ट्रान्स्फॉर्मर लागेल. तो अँपच्या मागणीपेक्षा सढळ हातानं मोठा घे. उद्यमनगरात वाइंडिंगवाले चांगला करून देतात. जुन्या वाड्यांत अर्थिंग धड नसतं, म्हणून गुणगुण येते, आणि मग कुणीतरी प्लगची अर्थची पिन काढायला सांगतो. त्याचं ऐकू नकोस. वायरिंग दुरुस्त करून घे. आणि व्हॉल्व्ह अँपचं मागचं झाकण स्वतः उघडू नकोस. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट बसून असू शकतात.

पुढच्या प्रॅक्टिसला दोघांनी मिळून असं करा. दोस्ताला सांग, गेन सहाच्या खाली आणि मिड निदान पाचवर. त्याला मेटलची धार हवी असेल तर ट्यूब स्क्रीमरसारखं पेडल अँपपुढं, पेडलचा ड्राइव्ह जवळपास शून्य, लेव्हल भरपूर. ते पेडल खालचा भाग कापतं आणि मिड पुढं आणतं, त्यामुळं दाबलेल्या तारा घट्ट वाजतात. बरेच मेटलवाले हेच करतात. तू बेस चारवर, मिड सातवर, ट्रेबल पाचवर ठेव, आणि गेन एवढाच की हलक्या हातानं स्वच्छ, जोरात मारलं की फाटेल. एकाच बँडमध्ये दोन वेगळ्या काळांचे टोन शेजारी बसतात, दोघांनी एकच जागा धरली नाही तर.

रिदमला गिटारचा व्हॉल्यूम सहावर, लीडला दहावर. मार्शलच्या त्या काळात पेडलवर पाय न देता हेच चालायचं. स्वस्त गिटारवर एक अडचण येते: व्हॉल्यूम खाली घेतला की आवाज मंद आणि जाडसर होतो, कारण ट्रेबल गळते. व्हॉल्यूम पॉटच्या, म्हणजे त्या नॉबखालच्या भागाच्या, सिग्नल आत येतो आणि बाहेर जातो त्या दोन टोकांत एक नॅनोफॅरडचा कपॅसिटर सोल्डर केला की ते थांबतं. वस्तू काही रुपयांची. तुझ्या सध्याच्या वीस वॉटच्या अँपवरही फरक लगेच कळेल, म्हणून नवा अँप घेण्याआधी ते करून घे.